न उभी राहिलेली पवनचक्की: इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थी-निधीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या दक्षिणेला, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांच्या मधोमध अर्बाना आणि शॅम्पेन ही एकमेकांना चिकटलेली दोन शहरे आहेत आणि राज्याच्या विद्यापीठाचा सर्वांत जुना परिसर या दोन्ही शहरांत विभागलेला आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २००३ साली मतदान करून स्वतःवरच एक शुल्क बसवून घेतले: प्रत्येक सत्राला २ डॉलर, स्वच्छ ऊर्जेच्या कामांसाठी. विद्यार्थ्यांनी शुल्कवाढीविरुद्ध मोर्चा काढणे ही जगभरची नेहमीची गोष्ट आहे. त्यांनी आपणहून शुल्क मागून घेणे ही तेव्हा नवलाईची होती, तरी अगदी पहिली नव्हती. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर परिसरातील विद्यार्थ्यांनी २००० सालीच वाऱ्यापासूनची वीज विकत घेता यावी म्हणून सत्राला १ डॉलर जादा भरण्याच्या बाजूने कौल दिला होता, आणि पुढे २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा व २००७ मध्ये त्याच विद्यापीठाच्या बर्कले परिसरातील विद्यार्थ्यांनीही तोच मार्ग धरला.

इलिनॉयचे प्रकरण निवडण्याचे कारण असे की तेथे विद्यार्थ्यांच्या पैशाने जे उभे करायचे ठरले ते उभे राहिले नाही, आणि जे उभे राहिले ते पहिल्या मतदाराच्या मनातही नव्हते. अशा निधीची ताकद नेमकी कशात असते आणि तो कोठे लंगडतो, हे दोन्ही या एकाच कथेत दिसते.

शुल्काचे गणित

विद्यापीठाची तेव्हाची विद्यार्थिसंख्या ढोबळमानाने ४० हजार धरली तर सत्राला २ डॉलर म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार डॉलर होतात. शैक्षणिक इमारतींच्या छपरांची दुरुस्ती ज्या संस्थेत लाखोंच्या घरात जाते, तिथे ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. २००७ साली विद्यार्थ्यांनी परिसराच्या शाश्वततेसाठी सत्राला ५ डॉलरचे दुसरे शुल्क मंजूर केले आणि पुढे ते वाढवले, तेव्हा दोन्ही मिळून सत्राला १४ डॉलर जमू लागले. यातून वर्षाकाठी सुमारे ११ लाख डॉलर उभे राहू लागले. एकट्या विद्यार्थ्याच्या खिशाला १४ डॉलर फारसे जाणवत नाहीत. पण ते पाठ्यपुस्तकांच्या खर्चासारखे विद्यार्थ्यापरत्वे कमीजास्त होत नाहीत, दरवर्षी त्याच तारखांना येतात, आणि ते कशावर खर्च करायचे हे ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थी बसतात. ‘स्टुडंट सस्टेनेबिलिटी कमिटी’ या नावाने ओळखली जाणारी ही समिती अर्ज मागवते, प्राध्यापक आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांचे मत घेते आणि पैसे वाटते. सायकल दुरुस्तीचे केंद्र, विद्यार्थ्यांनी चालवलेली भाजीपाल्याची शेती, इमारतींतील दिव्यांचे काम अशा अनेक गोष्टींना तिने हातभार लावला आहे.

पैसे मात्र विद्यापीठाच्याच खात्यात असतात, विद्यापीठच ते वसूल करते, आणि जे काही बांधले जाते ते विद्यापीठाच्याच जमिनीवर किंवा छपरावर बांधले जाते. म्हणजे निधी विद्यार्थ्यांचा आणि जागा प्रशासनाची. या निधीबद्दल जे काही बोलायचे ते या एका गोष्टीपासून सुरू करावे लागते, कारण समितीने हो म्हटले तरी विटेवर वीट ठेवण्याचा अधिकार तिला नाही.

पवनचक्की

२ डॉलरच्या शुल्कामागे डोळ्यांसमोर असलेली वस्तू म्हणजे पवनचक्की. परिसराच्या दक्षिणेला विद्यापीठाच्या कृषी संशोधनाची मोठी जमीन आहे, तिला ‘साउथ फार्म्स’ म्हणतात. तेथे तीन मोठ्या पवनचक्क्या उभारायच्या, असा बेत होता. इलिनॉय क्लीन एनर्जी कम्युनिटी फाउंडेशन या संस्थेने त्यासाठी २० लाख डॉलरचे अनुदान देऊ केले होते. विद्यार्थ्यांचे पैसे, बाहेरचे अनुदान आणि उरलेला वाटा विद्यापीठाचा, अशी ती जुळणी होती. कागदावर ती सुबक दिसते. पुढे तिनाची एक झाली, आणि २०११ साली तीही रद्द झाली.

कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांत अडकलेली आहेत. पहिले कारण काळाचे. २००२ ते २००८ या काळात अमेरिकेत पवनचक्क्यांच्या किमती कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाल्या. मागणी वाढली, पोलाद महागले, डॉलर घसरला आणि कारखान्यांकडे आगाऊ नोंदणीच्या रांगा लागल्या. वर्षाला १ लाख ६० हजार डॉलर जमवणारा निधी अशा बाजाराच्या मागे धावत असताना, तो जितके साठवतो त्याहून अधिक वेगाने वस्तू महाग होत जाते. २००३ पासून २०११ पर्यंतची २ डॉलरच्या शुल्काची सगळी जमा एका पैचाही इतर खर्च न करता बाजूला ठेवली असती, तरी ती १३ लाखांच्या आसपासच भरली असती.

दुसरे कारण आकाराचे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोठी पवनचक्की उभी करायला लागणारी क्रेन अनेक ट्रकांवर सुटी करून आणावी लागते, जोडावी लागते, तिच्यासाठी रस्ता पक्का करावा लागतो, आणि हा खर्च एक चक्की उभारली काय किंवा वीस उभारल्या काय, फारसा बदलत नाही. देखभालीचा करार, वीजवाहिनीची जोडणी, वाऱ्याचा अभ्यास, परवानग्या यांचेही तसेच. खर्च आवाक्यात आणण्यासाठी तिनाची एक चक्की केली की प्रत्येक युनिट विजेचा खर्च उलट वाढतो. पैसे कमी पडले म्हणून प्रकल्प लहान केला आणि लहान केल्यामुळेच तो न परवडणारा झाला, हा फेरा विद्यार्थ्यांच्या निधीपुरता मर्यादित नाही. पण लहान निधी त्यात आधी सापडतो.

तिसरे कारण शेजाऱ्यांचे. जागा अर्बानाच्या वस्तीपासून फार लांब नव्हती. पात्यांचा आवाज आणि घरांवर लुकलुकत फिरणारी त्यांची सावली यांबद्दल रहिवाशांना वाटणारी काळजी हास्यास्पद नव्हती. विद्यार्थ्यांनी मतदान केले होते ते परिसराच्या आत. चक्कीची सावली मात्र ज्यांवर पडणार होती त्यांना त्या मतदानात मत नव्हते. सावलीच्या बाबतीत हे विद्यापीठ तसे फार हळवे आहे, हे जाता जाता सांगायला हवे: तेथे १८७६ पासून अखंड चालू असलेले मक्याचे एक प्रायोगिक शेत आहे, ‘मॉरो प्लॉट्स’ नावाचे, आणि त्याच्या शेजारी १९६९ साली जे ग्रंथालय बांधले ते पिकावर सावली पडू नये म्हणून जमिनीखाली बांधलेले आहे. मक्याची सावलीपासून एवढी काळजी घेणाऱ्या संस्थेने शेजाऱ्यांचा आक्षेप उडवून लावला असता तर तेच विचित्र झाले असते.

या सगळ्यात विद्यार्थ्यांची चूक कोणती? माझ्या मते त्यांनी आधी वस्तू ठरवली आणि मग पैसे साठवू लागले. पवनचक्की दिसते, ती छायाचित्रात येते, तिच्यासाठी मते मागता येतात. ‘विजेच्या दरातील तफावत भरून काढण्यासाठी निधी’ अशा मजकुराला कोण मत देणार? पण मतदानासाठी जे चिन्ह लागते तेच पुढे बेडी होते. बाजार, जागा आणि शेजारी बदलले तरी निधीची नजर त्या एका उंच खांबावरून हलत नाही.

एकवीस एकर ऊन

ज्या वर्षांत पवनचक्की महाग होत गेली, त्याच्या लगोलग सौर पॅनेलचे भाव कोसळले. २००८ च्या सुमारास वॉटमागे ४ डॉलरच्या घरात असलेले पॅनेल २०१२ पर्यंत १ डॉलरच्या खाली आले. २०१० मध्ये विद्यापीठाने आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे, म्हणजे हवेत निव्वळ कार्बनची भर न घालण्याचे, उद्दिष्ट लिहून दिले. त्यामुळे सौर प्रकल्प ही आता केवळ विद्यार्थ्यांची हौस उरली नाही, संस्थेच्या सहीच्या कागदावरचा विषय झाली. २०१२ मध्ये विश्वस्त मंडळापुढे प्रस्ताव गेला आणि २०१५ च्या अखेरीस वीज वाहू लागली: विंडसर रोडच्या दक्षिणेला, रेल्वेमार्गालगत, सुमारे २१ एकरांवर १८ हजारांहून अधिक पॅनेल, क्षमता ५.८७ मेगावॉट, आणि पहिल्या वर्षाच्या उत्पादनाचा अंदाज ७८ लाख ६० हजार युनिटचा, म्हणजे परिसराच्या एकूण वापराच्या साधारण २ टक्के.

यात विद्यार्थी-निधीतून १० लाख ५० हजार डॉलर गेले. दोन्ही शुल्कांची जवळजवळ एका पूर्ण वर्षाची जमा एका कामात ओतण्याचा हा निर्णय होता आणि त्याच वर्षी दारात उभ्या असलेल्या लहान अर्जदारांच्या दृष्टीने तो कडू होता, यात शंका नाही.

प्रकल्पाची रचना समजून घेण्यासारखी आहे. हा सौर प्रकल्प विद्यापीठाने स्वतः विकत घेतला नाही. जमीन दहा वर्षांसाठी एका खासगी कंपनीला भाड्याने दिली, कंपनीने पॅनेल लावले, आणि त्यातून निघणारी सर्व वीज विद्यापीठाने दहा वर्षे विकत घेण्याचा करार केला. करार संपल्यावर प्रकल्प विद्यापीठाकडे येणार होता. एवढा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण करांमध्ये आहे. त्या वेळी सौर प्रकल्पाच्या खर्चाच्या ३० टक्के इतकी सवलत केंद्रीय प्राप्तिकरात मिळत असे, पण सवलत मिळण्यासाठी आधी कर भरावा लागतो, आणि सरकारी विद्यापीठ तो भरत नाही. कर भरणारी कंपनी मालक झाली तरच ते ३० टक्के हाती लागतात. करमुक्त संस्थांना हीच सवलत थेट रोखीने देण्याची सोय अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने आली. २०१५ मध्ये ती नव्हती.

दुसरीकडे परिसराचे स्वतःचे अॅबट वीजकेंद्र वाफ आणि वीज एकत्र तयार करते, आणि त्या वर्षांत शेल नावाच्या खडकातून काढल्या जाणाऱ्या वायूमुळे नैसर्गिक वायू कमालीचा स्वस्त झालेला होता. एका हाताला स्वस्त वायू आणि दुसऱ्या हाताला स्वस्त होत असले तरी अजून महाग असलेले ऊन, अशी ती तुलना. हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याने ‘पाच वर्षे थांबू या’ म्हटले असते तर त्याला खोडून काढणे अवघड होते. अशा करारात सुरुवातीला ओतलेला प्रत्येक डॉलर पुढच्या दहा वर्षांच्या दरावरचा भार हलका करतो. विद्यार्थ्यांच्या दहा लाखांनी सौर प्रकल्प ‘बांधला’ असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही; त्यांनी थांबण्याचे कारण काढून घेतले. पवनचक्कीच्या वेळी त्यांचे पैसे वस्तूच्या किमतीतील एक वाटा होते. येथे ते हो आणि नाही यांमधल्या अंतराची किंमत होते, आणि ते अंतर त्यांच्या आवाक्यातले होते.

कोणाचे बिल, कोणाचा खिसा

येथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून या निधीचे कौतुक करता येत नाही. विद्यापीठाने २०५० चे वचन दिले ते स्वतःच्या नावाने. मग ते पाळण्याचे पैसे विद्यार्थ्यांनी, शिक्षणशुल्काखेरीज वेगळे, का भरावेत?

एक अगदी साधे उदाहरण घ्यावे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड नावाचे, समोर काचेचे सरकते दार असलेले कपाट असते. विषारी वाफा बाहेर जाव्यात म्हणून पंखा त्यातून खोलीतली हवा सतत ओढून छपरावर फेकतो. जी हवा बाहेर जाते ती आधी पैसे मोजून हिवाळ्यात तापवलेली आणि उन्हाळ्यात गार केलेली असते, आणि असे एकच कपाट वर्षाला कित्येक घरांइतकी ऊर्जा खाते. ओढल्या जाणाऱ्या हवेचे प्रमाण दाराच्या स्थितीप्रमाणे बदलणारी यंत्रणा असेल तर काम संपल्यावर दार खाली ओढले की बरीच ऊर्जा वाचते. कोणी वापरतच नसेल तर ते कपाट कायमचे बंद केले की सगळीच वाचते. पण दार ओढणारा संशोधक विजेचे बिल पाहत नाही, त्याचा विभागही बहुधा पाहत नाही, ते मध्यवर्ती कार्यालयात भरले जाते. दुरुस्तीचा खर्च एका खात्यातून आणि बचत दुसऱ्या खात्यात, अशी विभागणी असल्यामुळे अगदी दोन-तीन वर्षांत परत मिळणारा खर्चही वर्षानुवर्षे कोणी करत नाही. मग कोणीतरी विद्यार्थी समितीकडे अर्ज करतो. समिती पैसे देते, बचत होते, आणि ती बचत जाते मध्यवर्ती खात्यात. विद्यार्थ्यांनी भरले आणि विद्यापीठाने वाचवले.

हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. कपाट बंद झाले हे चांगलेच झाले. पण अशा अर्जावर समितीने एक प्रश्न विचारायलाच हवा: हे पैसे नसते तर हे काम झाले असते का, आणि नसते तर का नसते? उत्तर ‘देखभालीच्या अंदाजपत्रकात बसले असते, पण तुमच्याकडे मागणे सोपे होते’ असे असेल तर निधी प्रशासनाचे दुसरे खाते झाला आहे. उत्तर ‘खात्यांच्या विभागणीमुळे कोणीच केले नसते’ असे असेल तर पैसे द्यावेत, पण बचतीचा हिस्सा परत मागून. याच विचारातून फिरते निधी निघाले. हार्वर्डने २००१ साली पुन्हा सुरू केलेला असा कर्जनिधी काम पूर्ण झाल्यावर होणाऱ्या बचतीतून मूळ रक्कम वसूल करतो आणि तीच पुढच्या कामाला देतो. काही वर्षांत तो १ कोटी २० लाख डॉलरवर नेण्यात आला. इलिनॉयच्या विद्यार्थी समितीनेही विद्यापीठाच्या फिरत्या कर्जनिधीत आपले पैसे घातले आहेत. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वेगळी तोड काढली गेली: विद्यार्थी जितके भरतील तितकेच प्रशासनाने भरायचे. तेथे प्रशासनाचे दुसरे खाते होण्याचा धोका कमी, कारण पहिल्या खात्यातूनही तितकेच जाते.

सौर प्रकल्पाला ही कसोटी लावली तर उत्तर सरळ मिळत नाही. तो विद्यार्थ्यांविना झालाच नसता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तो बहुधा उशिरा झाला असता. ‘उशीर टाळणे’ ही विकत घेण्याजोगी वस्तू आहे का? हवामानाच्या प्रश्नात आहे, असे मला वाटते, परंतु तिची किंमत दहा लाख डॉलर असावी की पाच, हे ठरवायला समितीपाशी प्रशासनाने दिलेल्या आकड्यांपलीकडे फारसे काही नसते. वाटाघाटीच्या मेजावर बसलेल्या एका पक्षाचा हिशेब दुसराच पक्ष करून देतो, ही त्यातली खरी गैरसोय.

जाणाऱ्यांचा निधी

पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. समितीत येईपर्यंत विद्यार्थ्याचे एक-दोन वर्ष जाते, कामाची घडी बसते तोवर तो शेवटच्या वर्षात असतो. पवनचक्कीचा विचार आठ वर्षे चालला. म्हणजे त्यावर किमान दोन पिढ्या आल्या आणि गेल्या. प्रशासनातील अधिकारी, कंत्राटदार आणि शेजारी मात्र तेच राहतात, किंवा निदान सावकाश बदलतात. एखादे काम नको असेल तर त्याला विरोध करण्याची गरज नसते, फक्त पुढच्या सत्रापर्यंत चर्चा लांबवली की आग्रह धरणारा माणूस पदवी घेऊन निघून जातो. कोणी जाणूनबुजून असे करते असा माझा आरोप नाही. मोठ्या संस्थेचा नेहमीचा वेगच विद्यार्थ्याच्या चार वर्षांपेक्षा मंद असतो, तेवढे पुरेसे आहे.

म्हणूनच या निधीत सर्वांत निरस वाटणाऱ्या गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या ठरतात: इतिवृत्त, दर सहामाहीचा अहवाल, न वापरलेली रक्कम कोणत्या तारखेला परत यायची याची अट, आणि पगारावर नेमलेला, पदवी घेऊन निघून न जाणारा एक तरी माणूस. इलिनॉयमध्ये विद्यापीठाच्या हवामान आराखड्याखालील प्रकल्पांची जाहीर नोंद ठेवली जाते आणि तीत पूर्ण झालेल्या कामांबरोबर बारगळलेल्या कामांनाही जागा आहे. नव्याने समितीत आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्याआधी कोणी काय मागितले होते आणि ते का मिळाले नाही हे तासाभरात वाचता येणे, ही सौर पॅनेलइतकीच खरी मालमत्ता आहे. फक्त तिच्या उद्घाटनाची फीत कोणी कापत नाही.

२०२१ मध्ये परिसराच्या दक्षिणेला दुसरा, १२ मेगावॉटहून थोडा मोठा सौर प्रकल्प सुरू झाला. तो ५४ एकरांवर आहे आणि पॅनेलांखाली मधमाश्या व इतर परागवाहक कीटकांना उपयोगी पडणारी झाडे लावलेली आहेत.

राहिला पहिल्या शुल्काचा हिशेब. २००३ च्या शरदात दाखल झालेला विद्यार्थी घ्या, जो मतदानाच्या वेळी तेथे नव्हता. त्याने पूर्ण आठ सत्रे ते शुल्क भरले असे धरले तर चार वर्षांत त्याचे १६ डॉलर गेले. २००७ मध्ये, दुसरे शुल्क मंजूर झाले त्याच वर्षी, तो पदवी घेऊन बाहेर पडला. त्या वेळी दक्षिणेकडच्या शेतात पवनचक्की नव्हती आणि पॅनेलही नव्हते. विंडसर रोडवरच्या कुंपणाआड पहिली वीज निघाली तेव्हा तो तिशीला आलेला होता.